दुसऱ्या क्षेत्रातल्या वाचकाला समजेल असं लिहिताना: नवख्यांसाठी पायऱ्या

"समजलं का?" असं विचारलं की बहुतेक जण "हो" म्हणतात. वरिष्ठांसमोर, डॉक्टरांसमोर, वकिलांसमोर, परक्या भाषेत बोलणाऱ्या सहकाऱ्यासमोर तर हमखास. नाही म्हणायला संकोच वाटतो. शिवाय पुष्कळदा माणसाला मनापासून वाटत असतं की आपल्याला समजलंय. सांगणारा निश्चिंत, ऐकणारा निश्चिंत, आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळी चित्रं. संवादातली सगळ्यात महाग चूक हीच, कारण त्या वेळी ती कोणाच्याच लक्षात येत नाही. "मला कळलं नाही" असं कोणी तोंडावर म्हणालं तर निदान दुरुस्ती तिथल्या तिथे होते.

स्वतःच्या क्षेत्राबाहेरच्या लोकांसाठी लिहायची वेळ ज्यांच्यावर नुकतीच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. हिशेब विभागाला नव्या मशीनची गरज पटवणारा इंजिनिअर, रुग्णाच्या नातेवाइकांना घरच्या देखभालीच्या सूचना लिहून देणारी नर्स, चार देशांत विखुरलेल्या टीमला मेल पाठवणारा प्रोग्रॅमर, करारातलं कलम ग्राहकाला उलगडून सांगणारी वकील. कामं वेगळी, अडचण एकच.

सोपी भाषा म्हटलं की अनेकांना बाळबोध भाषा आठवते. माहिती छाटलेली, वाचणाऱ्याला कमी लेखणारी. हा गैरसमज आधी दूर करू. जून २०२३ मध्ये सोप्या भाषेसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक निघालं, आयएसओ २४४९५-१. त्याची मांडणी वाचकाच्या बाजूने केलेली आहे. वाचकाला हवी ती माहिती मजकुरात आहे का? ती त्याला पटकन सापडते का? सापडल्यावर समजते का? आणि समजल्यावर तिचा उपयोग करता येतो का? या चारांपैकी शब्दांशी थेट संबंध येतो तो तिसऱ्या प्रश्नाचा. म्हणजे नुसते अवघड शब्द काढून सोपे घातले की काम झालं असं धरून चालणारे लोक पाव काम करून थांबतात.

पायरी १: वाचून झाल्यावर वाचक काय करणार, ते आधी ठरवा

लिहायला बसण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहा: "हे वाचून अमुक माणूस तमुक करेल." हे वाक्य जमत नसेल तर अजून लिहायची वेळ झालेली नाही. "सर्वांना माहिती मिळावी" हे उत्तर धरू नका. "सर्व" नावाचा वाचक नसतो. माहिती मिळवून तो पैसे मंजूर करणार आहे, गोळी घेणार आहे, सही करणार आहे, की काहीच न करता निर्धास्त बसणार आहे? (काहीच करायची गरज नाही, हेसुद्धा एक उत्तर आहे आणि ते स्पष्ट लिहायला हवं. न लिहिल्यामुळे किती लोक विनाकारण धावपळ करतात!)

वाचक दोन प्रकारचे असतील तर मजकूर दोन करा, किंवा एकाच मजकुरात प्रत्येकाचा भाग वेगळा दाखवा. एका दगडात दोन पक्षी मारायला गेलेलं पत्र दोघांनाही अर्धवट कळतं.

पायरी २: करायची गोष्ट सगळ्यात वर आणा

आपल्याला शाळेपासून पार्श्वभूमी, मुद्दे, निष्कर्ष अशा क्रमाने लिहायची सवय लागलेली असते. कामाच्या मजकुरात हा क्रम उलटा करावा लागतो. एक सूचना घेऊन हे नीट पाहू. मी ती उदाहरणासाठी रचली आहे, पण अशा सूचना तुमच्या वाचनात रोज येत असतील:

"सर्व संबंधितांना याद्वारे कळविण्यात येते की, नियोजित देखभाल-दुरुस्तीच्या अनुषंगाने नोंदणी प्रणाली दि. ०७/०३ रोजी रात्रौ १२ वाजल्यापासून अंदाजे सहा तासांकरिता अनुपलब्ध राहणार असून तत्पूर्वी प्रलंबित नोंदींबाबत उचित कार्यवाही करण्यात यावी, अन्यथा होणाऱ्या माहितीच्या हानीस विभाग जबाबदार राहणार नाही."

यात व्याकरणाची चूक नाही. पण वाचक म्हणून प्रश्न विचारायला लागा. संबंधित म्हणजे कोण, मी त्यात येतो का? ०७/०३ म्हणजे ७ मार्च की ३ जुलै? दुसऱ्या देशातल्या कार्यालयात तो आकडा ३ जुलै म्हणूनच वाचला जाऊ शकतो. ७ तारखेच्या रात्री १२ म्हणजे ६ आणि ७ च्या मधली मध्यरात्र की ७ आणि ८ च्या मधली? उचित कार्यवाही म्हणजे नेमकं कोणतं बटण दाबू? आणि हानी होईल म्हणजे काय होईल? नोंद उशिरा दिसेल की कायमची जाईल? सूचना लिहिणाऱ्याला या सगळ्यांची उत्तरं माहीत होती. त्याने ती लिहिली नाहीत, कारण त्याच्या डोक्यात ती इतकी स्पष्ट होती की कागदावर नाहीत हे त्याला दिसलंच नाही.

तीच सूचना अशी लिहिता येईल:

"शुक्रवार, ६ मार्च २०२६ रोजी रात्री ११:३० च्या आत नोंदणी प्रणालीतल्या तुमच्या अर्धवट नोंदी सेव्ह करा. सेव्ह न केलेल्या नोंदी पुसल्या जातील आणि परत मिळणार नाहीत.

देखभालीसाठी प्रणाली शुक्रवारी मध्यरात्रीपासून शनिवार, ७ मार्च रोजी सकाळी ६ वाजेपर्यंत बंद असेल. काम लांबलं तर सकाळी ६ वाजता तुम्हाला मेसेज येईल.

तुम्ही नोंदी फक्त पाहत असाल, भरत नसाल, तर तुम्हाला काहीही करायचं नाही."

शब्द वाढले. वाढू द्या. सोपं म्हणजे छोटं, असं समीकरण नसतं. वाचकाला फोन करून विचारावं लागत नाही, हा वाचलेला वेळ मोजायला हवा. "विभाग जबाबदार राहणार नाही" हे वाक्य मात्र मी मुद्दाम गाळलं. ते वाचकाला काही सांगत नाही, लिहिणाऱ्याचा बचाव करतं. नोंद पुसली जाईल हे थेट सांगितल्यावर त्या बचावाची गरजही फारशी उरत नाही.

पायरी ३: क्रियेमागचा माणूस दाखवा

मराठीत कर्ता लपवणं फार सोपं आहे. "करण्यात येईल", "पाठवण्यात यावे", "निर्णय घेण्यात आला". कोण करेल, कोणी पाठवायचं, कोणी घेतला? ज्यांना आतली व्यवस्था ठाऊक आहे त्यांना अंदाज येतो. बाहेरच्या माणसाला येत नाही. "हिशेब विभाग तीन दिवसांत पैसे परत करेल" असं लिहिलं की पैसे न आल्यास कोणाला गाठायचं हेही आपोआप कळतं.

"आपण" या शब्दाकडेही लक्ष ठेवा. आदराने "तुम्ही" म्हणायचं असतं तेव्हा आपण "आपण" म्हणतो आणि "मी नि तुम्ही मिळून" म्हणायचं असतं तेव्हाही "आपण"च म्हणतो. "आपण हे शुक्रवारपर्यंत तपासून घेऊ" असं मीटिंगच्या टिपणात आलं की शुक्रवारी ते कोणीही तपासलेलं नसतं. तिथे नाव लिहा.

पायरी ४: परिभाषेतलं काय ठेवायचं, काय उलगडायचं

परिभाषा वाईट नसते. दोन शल्यविशारद ऑपरेशनच्या टेबलापाशी एकमेकांशी त्यांच्याच शब्दांत बोलले पाहिजेत. ते अचूक असतं आणि लवकर होतं. अडचण येते ती शब्द आपल्या वर्तुळाबाहेर नेताना. अनोळखी शब्दांची मला तितकी काळजी वाटत नाही, कारण अनोळखी शब्द दिसला की वाचक अडखळतो, विचारतो, शोधतो. खरा धोका ओळखीच्या शब्दांचा. तो शब्द वाचकाला माहीत असतो, फक्त वेगळ्या अर्थाने.

डॉक्टर "क्रॉनिक" म्हणतात तेव्हा आजार बराच काळ राहणारा आहे असं त्यांना म्हणायचं असतं. पुष्कळ रुग्ण त्याचा अर्थ "गंभीर" असा घेतात. तपासणीचा रिपोर्ट "पॉझिटिव्ह" आला म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं, आणि ती बहुधा वाईट बातमी असते. संख्याशास्त्रज्ञाचं "सिग्निफिकंट" म्हणजे निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता कमी. फरक मोठा आहे असं त्याला म्हणायचंच नसतं. ऑडिटरच्या लेखी "मटेरियल" म्हणजे वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल इतकी मोठी बाब, आणि कारखान्यात मटेरियल म्हणजे कच्चा माल. एकाच भाषेचे दोन देशही याला अपवाद नाहीत. बैठकीत एखादा ठराव "टेबल" करायचा म्हटलं की ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेतात आणि अमेरिकेत बाजूला ठेवतात.

ओळखीच्या शब्दाने काय होऊ शकतं याचं विमानवाहतुकीतलं उदाहरण अंगावर येणारं आहे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. एक जम्बो विमान धावपट्टीच्या टोकाला उभं होतं, दुसरं त्याच धावपट्टीवरून पुढे येत होतं. नियंत्रकाने पहिल्या विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग कळवला. त्या वाक्यात "टेकऑफ" हा शब्द होता, पण टेकऑफची परवानगी अजून दिलेली नव्हती. वैमानिकांनी तो मार्ग परत वाचून दाखवला आणि शेवटी आपण आता "टेकऑफवर" आहोत अशा अर्थाचं वाक्य जोडलं. नियंत्रकाने त्याचा अर्थ घेतला, विमान टेकऑफच्या जागेवर थांबलंय. प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं. थांबायला सांगणारे पुढचे शब्द एकाच वेळी झालेल्या दोन रेडिओ संदेशांच्या गोंगाटात बुडाले. ५८३ माणसं गेली. कारणं एकाहून जास्त होती, पण त्यानंतर विमानवाहतुकीने जे धडे घेतले त्यातला एक निव्वळ भाषेचा आहे. "टेकऑफ" हा शब्द आता प्रत्यक्ष टेकऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. बाकी सगळीकडे "डिपार्चर" म्हणायचं.

तुमच्या कामात माणसांचे जीव पणाला नसतील, पण पद्धत तीच वापरता येते. ज्या एका शब्दावर पैसे, सुरक्षितता किंवा मुदत अवलंबून आहे, तो शब्द फक्त एकाच अर्थाने वापरा. त्या अर्थासाठी दुसरा शब्द आणू नका. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द परत आला की बाई खाली रेघ मारायच्या. कामाच्या मजकुरात ती सवय सोडायला हवी. वर "अर्ज" लिहून खाली त्यालाच "विनंतीपत्र" आणि शेवटी "प्रस्ताव" म्हटलं, तर वाचकाला तीन कागद जोडायचे आहेत असं वाटेल.

परिभाषेतला शब्द टाळता येत नसेल तर तो ठेवा आणि तिथेच, त्याच वाक्यात किंवा पुढच्या वाक्यात, त्याचा अर्थ सांगा. शेवटच्या पानावरच्या अर्थसूचीपर्यंत वाचक सहसा जात नाही.

पायरी ५: आकडे, तारखा, एककं

आकडे सगळीकडे सारखेच, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १,२५० हा आकडा आपल्याला साडेबाराशे दिसतो. जर्मनीसारख्या देशांत स्वल्पविराम दशांशचिन्हाच्या जागी वापरतात, त्यामुळे तिथल्या वाचकाला तोच आकडा सव्वा वाटू शकतो. लाख आणि कोटी भारतीय उपखंडाबाहेर बहुतेकांना कळत नाहीत. "बिलियन" तर इंग्रजीत हजार दशलक्ष आणि युरोपातल्या कित्येक भाषांत दशलक्ष दशलक्ष. रक्कम महत्त्वाची असेल तर सगळी शून्यं लिहा आणि चलनाचं नाव पूर्ण लिहा.

एककाशिवाय आकडा लिहू नका, तो कितीही उघड वाटला तरी. मंगळाकडे निघालेलं नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झालं, कारण जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने निघणारे आकडे पौंडाच्या हिशेबात होते आणि ते वापरणाऱ्यांनी न्यूटनच्या हिशेबात धरले. दोन्हीकडची माणसं हुशार होती. आकडेही आपापल्या जागी बरोबर होते.

औषधांच्या बाबतीत अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये "हे लिहू नका" अशी एक यादीच जाहीर केली. त्यातले दोन नियम कोणालाही घेण्यासारखे आहेत. पूर्ण आकड्यापुढे दशांश आणि शून्य लावू नका, कारण १.० मधला ठिपका पुसट झाला की १० होतात. आणि एकाहून लहान आकड्याआधी शून्य लिहायला विसरू नका, कारण नुसतं .५ लिहिलं तर ते ५ वाचलं जातं. दोन्हीकडे मात्रा दहापट होते.

तारखेत महिना अक्षरांत लिहा, वार जोडा. वार आणि तारीख जुळत नसेल तर वाचक लगेच विचारतो, ही फुकटची तपासणी आहे. "परवा" लिहायचं टाळा, तो मागचाही असतो आणि पुढचाही. "पुढच्या सोमवारी" यावरून तर एकाच घरात वाद होतात. फोनवर आकडा सांगताना सदुसष्ट, सत्याहत्तर, सत्याऐंशी असं न म्हणता अंक सुटे सांगा: सहा-सात, सात-सात, आठ-सात.

पायरी ६: वाक्य

एका वाक्यात एक गोष्ट. सूचना असेल तर एका वाक्यात एकच कृती. विमानांच्या देखभालीची पुस्तकं जगभरचे तंत्रज्ञ वाचतात आणि त्यांतल्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. त्यांच्यासाठी १९८० च्या दशकात नियमबद्ध सोपी इंग्रजी तयार झाली. तिचं आजचं नाव एएसडी-एसटीई १००. तिच्यात कृतीचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं आणि वर्णनाचं २५ शब्दांचं असावं असा दंडक आहे. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आपला एक शब्द इंग्रजीतल्या दोन-तीन शब्दांचं वजन उचलतो. म्हणून माझ्या मते मराठीत कृतीचं वाक्य १२ ते १५ शब्दांत संपावं. मात्र अट आधी येऊ द्या, कृती नंतर: "लाल दिवा लागला असेल तर झाकण उघडू नका." उलट क्रमाने लिहिलं तर अट वाचायच्या आधीच वाचकाने काहीतरी ठरवलेलं असतं.

पायरी ७: दुसऱ्या भाषेतला आणि दुसऱ्या रीतीतला वाचक

तुमचा मजकूर पुष्कळ लोक फोनवरच्या अनुवादातून वाचतील हे आता गृहीतच धरा. अनुवाद यंत्राचा असो की माणसाचा, "या प्रस्तावावर पाणी सोडलं" किंवा "त्यांनी हात वर केले" या वाक्यांचं काय होईल सांगता येत नाही. मला वाक्प्रचार अतिशय प्रिय आहेत. पण जिथे कोणाला काही करायचं आहे तिथे "प्रस्ताव सोडून दिला" आणि "त्यांनी मदत करायला नकार दिला" असंच लिहावं. पूर्ण वाक्यं लिहा. "पाठवलंय. बघून सांगा." यात कोणी, काय, कोणाला हे तिन्ही गायब आहेत.

नकारार्थी प्रश्न विचारू नका. "तुम्हाला फाइल मिळाली नाही ना?" याला मराठी माणूस "हो" म्हणतो तेव्हा त्याला "हो, मिळाली नाही" असं म्हणायचं असतं. इंग्रजीच्या सवयीचा माणूस "येस" म्हणतो तेव्हा फाइल मिळालेली असते. "फाइल मिळाली का?" एवढंच विचारा.

आता थोडा नाजूक भाग. विनंती, नकार आणि तातडी किती उघड सांगायची याच्या रीती प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात. "बघू, प्रयत्न करतो" हा कुठे होकार असतो, कुठे सभ्य नकार. कोणाची रीत बरोबर हा प्रश्नच नाही. पण दोन रीती एकत्र आल्या की मधली जागा शब्दांनी भरावी लागते. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियातून न्यूयॉर्कला आलेलं एव्हियांका ५२ हे विमान गर्दीमुळे तासाहून अधिक वेळ आकाशात घिरट्या घालत राहिलं. वैमानिकांनी प्राधान्य मागितलं, इंधन संपत आलंय असंही सांगितलं. पण "इमर्जन्सी" हा ठरलेला शब्द त्यांनी उच्चारला नाही आणि नियंत्रकांना परिस्थिती किती गंभीर आहे ते कळलं नाही. इंधन संपून विमान कोसळलं आणि १५८ पैकी ७३ जण मेले. तातडी असेल तर ती स्वरावर, चेहऱ्यावर किंवा "जरा लवकर झालं तर बरं" यावर सोडू नका. कधीपर्यंत हवं आणि नाही मिळालं तर काय होईल, हे लिहा.

यावर जहाजांवरच्या लोकांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. एकाच जहाजावर पाच-सहा भाषांची माणसं काम करतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये त्यांच्यासाठी ठरावीक वाक्यांचा संच स्वीकारला. त्यात संदेशाच्या आधी त्याचा प्रकार सांगायची सोय आहे: हुकूम, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती, इरादा. "इशारा: तुमच्या मार्गात अडथळा आहे." ऐकणाऱ्याला निम्मा अर्थ पहिल्याच शब्दात मिळतो. मेलच्या विषयात हे आजपासून करता येईल. "माहिती: सोमवारी कार्यालय बंद" आणि "विनंती, १० एप्रिलपर्यंत: दोन सह्या हव्यात" असे विषय असले की परक्या भाषेतला माणूसही कोणता मेल आधी उघडायचा ते ओळखतो. त्याच संचात शक्यता आणि परवानगी यांची गल्लत करणारे इंग्रजी शब्द टाळायला सांगितलंय. आपल्याकडे "जाऊ शकता" याचंही तसंच होतं. परवानगी दिली की शक्यता सांगितली? "जायला परवानगी आहे" असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

पायरी ८: बोलताना

हळू बोला, पण शब्द तोडून नव्हे. वाक्य संपलं की थांबा. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या श्रोत्यांसाठी "स्पेशल इंग्लिश" सेवा सुरू केली. सुमारे १,५०० शब्दांचा साठा, छोटी वाक्यं, नेहमीपेक्षा संथ गती. एवढ्यावर जगाच्या बातम्या सांगता येत होत्या. साठ्याबाहेरचा शब्द लागलाच तर तो तिथेच समजावून सांगत. दुभाषा असेल तर एक-दोन वाक्यांनंतर थांबा, आणि बोलताना समोरच्या माणसाकडे पाहा, दुभाष्याकडे नाही.

पायरी ९: तपासा, आणि "समजलं का?" विचारू नका

आरोग्यसेवेत "टीच-बॅक" नावाची पद्धत वापरतात. सूचना देऊन झाल्यावर नर्स विचारते: "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर ही गोळी कधी आणि कशी घ्याल ते मला सांगाल?" प्रश्नाची मांडणी बघा. परीक्षा सांगणाऱ्याची आहे, ऐकणाऱ्याची नाही. त्यामुळे माणूस मोकळेपणाने सांगतो आणि चूक असेल तर लगेच दिसते. मग तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणायचं नाही. वेगळ्या शब्दांत सांगायचं आणि परत विचारायचं. वैमानिकही नियंत्रकाच्या महत्त्वाच्या सूचना परत वाचून दाखवतात आणि नियंत्रकाने ते कान देऊन ऐकायचं असतं. मीटिंग संपताना हेच करता येतं. अध्यक्षांनी सारांश सांगण्याऐवजी प्रत्येकाने आपलं काम आणि तारीख आपल्या तोंडून सांगावी. जेमतेम पाच मिनिटं लागतात.

लिहिलेल्या मजकुरासाठी दुसऱ्या विभागातली एक व्यक्ती गाठा. कागद हातात द्या आणि म्हणा, "हे वाचून आता तुम्ही पहिली गोष्ट काय कराल?" मग गप्प बसा. समजावून सांगायचा मोह होईल, तो आवरा, कारण खऱ्या वाचकाशेजारी तुम्ही नसणार. ती कुठे मागे जाऊन पुन्हा वाचते, कुठे बोट थांबतं, ते टिपा. तिथे मजकूर दुरुस्त करा. दोन-तीन जणांनी वाचलं तरी मोठ्या गाठी सापडतात. मजकूर किती सोपा आहे याचा गुण देणारी सॉफ्टवेअर असतात, पण अशी सूत्रं मुख्यतः वाक्यांची आणि शब्दांची लांबी मोजतात. छोट्या शब्दांत लिहिलेला गोंधळही त्यांतून पास होतो.

"पण कायद्यात हे चालेल का?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणाऱ्याची काळजी खरी असते. काही शब्दांना न्यायालयांनी ठरावीक अर्थ दिलेला असतो, त्यांना हात लावू नये. पण कराराच्या पानावर असे शब्द थोडे असतात. बाकीचं असतं ते "सदरहू", "उपरोक्त", "तद्नुषंगाने" आणि अर्धं पान चालणारं वाक्य. ते काढल्याने कायदा दुबळा होत नाही. उलट कित्येक ठिकाणी कायद्याचीच तशी मागणी आहे. स्वीडनच्या २००९ च्या भाषा कायद्यात सरकारी भाषा सोपी आणि समजण्याजोगी असावी असं म्हटलंय. अमेरिकेत २०१० साली प्लेन रायटिंग ॲक्ट आला. दक्षिण आफ्रिकेच्या २००८ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर सोप्या भाषेची कसोटीच घालून दिली: ज्याच्यासाठी मजकूर आहे, त्या वर्गातल्या सरासरी साक्षर आणि बेताचा अनुभव असलेल्या ग्राहकाला तो फार कष्ट न घेता समजला पाहिजे. वकिलांशी बोलताना प्रत्येक शब्दासाठी एकच विचारा: हा बदलला तर अर्थ बदलतो का? बदलत असेल तर ठेवा आणि शेजारी उलगडा द्या.

पायरी १०: शब्दांची एक यादी ठेवा

हे सगळं दर वेळी नव्याने करायला लागू नये म्हणून टीमची एक यादी करा. चार रकाने पुरतात: आपण वापरायचा शब्द, त्याचा एका वाक्यातला अर्थ, त्याऐवजी वापरायचे नाहीत असे शब्द, आणि बाहेरच्या माणसाला तो काय वाटू शकतो. चौथा रकाना बहुतेक याद्यांत नसतो, पण माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा तोच. सुरुवातीला वीसेक शब्द घ्या, ज्यांवरून आजवर फोन आले, वाद झाले, काम परत करावं लागलं असे. यादीची जबाबदारी एका माणसाकडे द्या आणि त्याचं नाव यादीवर लिहा. टीममध्ये नवीन कोणी आलं की पहिल्याच आठवड्यात यादी त्याच्या हातात द्या आणि न कळलेल्या शब्दांवर खूण करायला सांगा. महिन्याभरात त्याला ते शब्द सवयीचे होतील आणि मग त्या खुणा त्याला करता येणार नाहीत.